आईच्या वजनाचा रकाना

२०२१च्या पावसाळ्यात मी अहमदपूरला घरून काम करत होतो. लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडली होती. दिवसभर कंपनीचं काम आणि संध्याकाळी मावशीचं. मावशी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. त्या वर्षी 'पोषण ट्रॅकर' नावाचं ॲप आलं होतं. ते इंग्रजीत होतं, आणि सरकारने दिलेल्या फोनची मेमरी इतकी कमी की ते उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मावशी पिशवीत रजिस्टरं घालून एसटीने यायची, ती नावं वाचायची आणि मी टाइप करायचो. त्याच ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यामुळे माझी ही चाकरी फार दिवस चालली नाही, पण तेवढ्यात मला रजिस्टरं वाचायची सवय लागली.

धंद्याने मी डेटाबेसवाला. कुठलाही तक्ता दिसला की त्यातला कुठला रकाना रिकामा आहे, हे आधी दिसतं. मावशीच्या रजिस्टरात लेकरांची वजनं महिन्याच्या महिन्याला होती. काही संशय यावा इतकी गोल, बरीचशी खरी. गरोदर बायकांची नावं होती, पाळीची तारीख, बाळंतपणाची अंदाजे तारीख, पाकिटं मिळाल्याच्या सह्या, अंगठे. आईच्या वजनाची जागा मात्र बहुतेक ओळींत कोरी. मी विचारलं तर मावशी म्हणाली, "ते नर्सबाईकडं असतंय. कार्डावर."

कार्डावर असतं, हे खरं. पण बाई तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव नोंदवते तेव्हापासूनचं. त्याआधी ती किती भरत होती, हे ना कार्डाला माहीत असतं, ना रजिस्टराला, ना तिला स्वतःला.

आजी खाटेवर बसून हे सगळं ऐकत होती. "काय लिवायलास रं एवढं?" तिने विचारलं. मी सांगितलं, लेकरांची वजनं. ती म्हणाली, "आमच्या येळेला वजन फक्त खडीचं व्हायचं."

खडी वजनावर नव्हे, मापावर मोजायचे, पण तिचा मुद्दा बरोबर होता. मराठवाड्यात सरकारने भूक कशात मोजली याचा इतिहास मी नंतर जमेल तसा वाचत गेलो, आणि त्यात आजीचं ते वाक्य सारखं आडवं येत राहिलं.

अहमदपूर १९५६पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या, म्हणजे अखेरीस हैदराबाद राज्यातल्या, बीदर जिल्ह्यात होतं. भाषावार फेररचनेत निलंगा आणि उदगीरसोबत ते इकडे आलं आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडलं गेलं. लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. म्हणजे १९७२च्या दुष्काळात आजी ज्या खडी केंद्रावर जात होती, ते उस्मानाबाद जिल्ह्याच्या हिशेबात धरलं गेलं असणार. ती तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. घरी चार एकर कोरडवाहू, आणि लागोपाठच्या वर्षांत पाऊस नाही.

त्या दुष्काळावर भरपूर लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं कौतुकाचं आहे. ते उगाच नाही. १९७२-७३मध्ये राज्यातलं धान्याचं उत्पादन चांगल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आलं होतं. सरकारने गावोगाव कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. १९७३च्या मे महिन्यात कामावरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. एवढ्या मोठ्या तुटवड्यात बंगालसारखा, १९४३सारखा प्रकार झाला नाही, आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यात एक विलक्षण निरीक्षण आहे: खाण्यात जी घट झाली ती समाजाच्या वेगवेगळ्या थरांत बऱ्यापैकी सारखी वाटली गेली. फक्त भूमिहीनच उपाशी आणि बागायतदार पोटभर, असं झालं नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर आली. पुढे १९७७ला तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मनरेगाच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची ही गोष्ट. मराठी माणसाने ज्याचा अभिमान बाळगावा अशा सरकारी गोष्टी थोड्या आहेत, त्यात ही नक्की येते.

आता याच दुष्काळातली आजी. तिच्याकडे त्या वर्षी सहा महिन्यांचं लेकरू होतं. माझा मोठा मामा म्हणायचा, पण मी त्याला मामा म्हणून कधी ऐकलेलं नाही. मजुरी कामाच्या मापावर, बाईला-माणसाला भाव एकच. घरात तांबडी मिलो यायची, अमेरिकेहून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. कामावर सुकडी मिळायची. आजी सुकडी अर्धी खाऊन अर्धी पदराला बांधून घरी आणायची, कारण घरी सासू-सासरे आणि धाकटा दीर. लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत. (कामावर पाळणाघर असावं ही तरतूद रोजगार हमीच्या नियमांत आली. प्रत्यक्षात ते कुणी पाहिलं असेल तर मला भेटायला आवडेल.) उन्हाळा लागला तसं तिचं दूध आटलं. लेकराला हगवण लागली. "चार दिस," एवढंच ती सांगते.

हा भूकबळी नव्हता. सरकारच्या दृष्टीने नव्हता, आणि आजीच्या दृष्टीनेही नव्हता. ती म्हणते, हगवणीनं गेलं. द्रेझ यांचं निरीक्षण मी नाकारत नाही. घराघरांत घट सारखी वाटली गेली असेलही. पण त्या हिशेबाचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे घर. उंबऱ्याच्या आत कोण किती जेवलं, हे असल्या हिशेबात येत नाही.

घराच्या आत शिरायचा एक मार्ग संख्याशास्त्रात आहे, आणि तो मला सापडला तेव्हा मी थोडा वेळ लॅपटॉप मिटून बसलो. राष्ट्रीय नमुना पाहणी घराचं खाणं मोजते तेव्हा माणसं सरळ डोक्यांनी मोजत नाही, 'उपभोक्ता एकक' धरते. वीस ते एकोणचाळीस वयाचा पुरुष म्हणजे १. त्याच वयाची बाई म्हणजे ०.७१. तक्ता फक्त वय आणि लिंग बघतो. बाई गरोदर आहे का, अंगावर पाजते का, खडी फोडते का, याला त्यात जागा नाही. अशी पद्धत लागतेच, सरासरीशिवाय देश मोजता येत नाही, हे मला कळतं. मी रोज असलेच आकडे कोडमध्ये घालतो. पण खडीचा भाव एकच होता आणि माझी आजी ०.७१ होती.

पुण्यात याच सुमारास भुकेच्या आकड्यावरून मोठा वाद झाला. मराठी वाचकाने तो नीट ओळखायला हवा, कारण दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला होता. त्यात माणशी रोजच्या २२५० कॅलरींना पुरेल एवढा खर्च ही रेघ होती. त्याविरुद्ध उभे राहिले पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडचे, जागतिक अन्न संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहिलेले. त्यांचं म्हणणं असं: एकाच माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. तेव्हा सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरणं चूक आहे. रेघ बरीच खाली ओढली पाहिजे. १९८१च्या आसपास हा वाद 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर चांगलाच पेटला. रेघ कुठे ओढता यावर उपाशी माणसांचे काही कोटी दिसतात किंवा नाहीसे होतात.

मी सुखात्म्यांना खलनायक करायला निघालो होतो, पण ते जमलं नाही. कारण ते दुसरंही एक सांगत होते: नुसतं धान्य वाढवून भागणार नाही, स्वच्छ पाणी आणि संडास नसतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. ते बरोबर होतं. आजीच्या लेकराला हगवणच लागली होती. पण शरीर जुळवून घेतं या म्हणण्यात एक गोष्ट सुटते. कमी खाण्याशी जुळवून घेतलेली बाई गरोदर राहिली की त्या जुळवणीची किंमत पोटातलं मूल भरतं. दांडेकर आणि सुखात्मे दोघांच्याही रेघेत 'माणूस' होता. गरोदर बाई या वादात कुठे आहे, हे मी शोधत राहिलो.

ती सापडली पुण्याजवळच्या सहा गावांत, आणि ती एका डॉक्टरने शोधली होती. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमारास एक अभ्यास सुरू केला. त्यांनी शेतकरी घरांतल्या विवाहित बायकांचं वजन-उंची गरोदर राहण्याआधीच घेतली, आणि मग दिवस गेले की त्यांच्यामागे राहिले. म्हणजे मावशीच्या रजिस्टरातला कोरा रकाना त्यांनी आधी भरला. सरासरी बाई ४२ किलोच्या आतबाहेर. बाळं सरासरी २.७ किलोची, जेव्हा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. त्यातही गंमत अशी की हाडं-मांस-पोट यांत आपली बाळं बरीच कमी, पण चरबीत तेवढी कमी नाहीत. वरून बारीक, आतून चरबी. पुढे मोठेपणी येणाऱ्या मधुमेहाचं मूळ याज्ञिक तिथे शोधतात.

आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी याच बायकांच्या ताटाचा आणि कामाचा अभ्यास केला. बाळाच्या वजनाचा संबंध नुसत्या कॅलरींशी फारसा दिसला नाही. तो दिसला हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. आणि दुसरा संबंध कष्टांशी: ज्या बायकांची गरोदरपणातली दगदग जास्त, त्यांची बाळं लहान. हे वाचून आजीला सांगितलं तर ती हसली. तिच्या लेखी यात शोध कसला? तिला सासूने सांगितलेलं वेगळंच होतं: दिवस गेल्यावर बेतानं खा, लेकरू मोठं झालं तर अडशील. दवाखाना पंचवीस-तीस किलोमीटरवर असताना हा सल्ला अगदीच अडाणी होता असं मला म्हणवत नाही. अडलेलं बाळंतपण म्हणजे मरण, हे सासूने पाहिलेलं असणार.

लेकरांचं वजन सरकारी कागदावर आलं ते १९७५नंतर. २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिचं हत्यार म्हणजे टांगता काटा आणि वाढीचा तक्ता. तो तक्ताही असाच लांबून आलेला: डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरने नायजेरियातल्या इलेशा गावात आयांच्या हाती देण्यासाठी बनवलेल्या कार्डाचा वंशज. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२मध्ये श्रेणी ठरवल्या. प्रमाण वजनाच्या ६० टक्के किंवा कमी भरलं की तिसरी श्रेणी, ५० किंवा कमी म्हणजे चौथी. वर्तमानपत्रांतून 'तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली बालकं' हे शब्द आपण वाचत आलो ते यामुळे.

पण काटा असणं आणि वजन होणं यांत अंतर आहे. २००१च्या सुमारास औरंगाबाद विभागात बालमृत्यूंच्या बातम्या गाजल्या. याच वर्षांत डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिलं होतं की राज्यात मरणाऱ्या मुलांपैकी मोठा हिस्सा सरकारी नोंदीत उतरतच नाही. औरंगाबादचे तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मोहीम घेतली, म्हणजे त्यात आमचा लातूरही आला. तिचं सूत्र ऐकायला फारच साधं होतं: प्रत्येक मुलाचं वजन करा आणि जे भरेल ते लिहा. हे अवघड यासाठी की कुपोषित मूल सापडलं तर सेविकेलाच नोटीस येण्याची भीती असते. मग मूल 'दुसऱ्या श्रेणीत' राहतं, कागदावर. खरं लिहिणाऱ्याला शिक्षा नाही असा भरवसा दिल्यावर आकडे आधी वर जातात, मग उतरायला लागतात. आमच्या धंद्यात यालाच लॉग चालू करणं म्हणतात. लॉग चालू केला की चुका वाढलेल्या दिसतात, त्या आधीपासून असतातच.

त्या अनुभवातून मार्च २००५मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघालं, औरंगाबादेतच. सरकारी कुपोषण मोहिमेचा उगम मराठवाड्यात, हे इथल्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. आपल्याला दुष्काळ आणि भूकंप एवढंच स्वतःचं वाटतं. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण २००५-०६मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२च्या राज्यव्यापी पाहणीत जवळपास २३ टक्क्यांवर आलं. सहा-सात वर्षांत एवढी उतरण जगातही दुर्मीळ.

मध्येच काटाही बदलला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये नवीन मापं आणली. जुन्या श्रेणीत एका वर्षाची सव्वासहा किलोच्या आतली, म्हणजे ६.२ किलोची मुलगी दुसऱ्या श्रेणीत बसायची, 'बरी' समजली जायची. नव्या तक्त्यात तीच मुलगी तीव्र कमी वजनाची. रात्रीत तिचं काहीच बदललेलं नसतं. मावशीला हा बदल नीट आठवतो. तिच्या अंगणवाडीतली दोन लेकरं एका महिन्यात 'लाल' झाली आणि त्यांच्या आया तिच्याशी भांडायला आल्या.

नंतरची गोष्ट तितकी आनंदाची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण २०१५-१६ला ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ला ३५.२. उंचीच्या मानाने लुकडी मुलं २५.६ टक्के होती, तेवढीच राहिली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांतला रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२वर गेला. सहा ते तेवीस महिन्यांच्या लेकरांत पुरेसा आहार मिळणारं दहात एकही नाही. उतरण थांबली याची कारणं तज्ज्ञ अनेक सांगतील. माझं लक्ष रक्तक्षयाच्या आकड्यावर जातं. मुलाचा काटा आपण दुरुस्त केला, आई तशीच राहिली.

भारतातल्या बायका आफ्रिकेतल्या बायकांपेक्षा एकंदरीत गरीब नाहीत, तरी आपली मुलं जास्त खुरटी का, हे कोडं डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये मांडलं होतं आणि उत्तराचं बोट बाईच्या घरातल्या स्थानाकडे दाखवलं होतं. डायन कॉफी यांनी २०१५मध्ये आकडा दिला: भारतात ४२ टक्के बायका गरोदर राहतात तेव्हाच कमी वजनाच्या असतात. सहाराखालच्या आफ्रिकेत हे प्रमाण साडेसोळा टक्के. हा आकडा काढायलाही त्यांना आडमार्गाने जावं लागलं, कारण गरोदरपणाआधीचं वजन पाहणीत नव्हतंच.

राज्यातल्या आदिवासी भागांत २०१५पासून एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि बाळंतिणीला एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीत, तिथेच बसून मिळतं. अहमदपूर त्यात येत नाही. इथे पाकीट घरी नेतात. घरी नेलेलं पाकीट म्हणजे आजीच्या पदरातली सुकडी.

आणि दिवाळीच्या आसपास निम्मं रजिस्टर रिकामं होतं. बालाघाटाच्या डोंगरातली गावं आणि तांडे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथलं एकक 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल कोयत्याला, खाडा कोयत्याला. बाई आजारी पडली तर दंड जोडीचा. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९च्या चौकशी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ०.७१वरून अर्ध्या कोयत्यापर्यंत आपण आलोय.

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. टोळ्या निघायच्या आदल्या आठवड्यात मावशीसोबत तिच्या अंगणवाडीत गेलो. लेकरांची वजनं झाली. मी म्हटलं, मावशी, आयांचं पण घे. ती म्हणाली, "कुठं लिहू बाबा? ह्याच्यात नाही." मोठ्यांचा सपाट काटा कोपऱ्यात होता, त्यावर धूळ. पहिली बाई चप्पल काढून, पदर आवरून उभी राहिली. दोन वर्षांचं लेकरू तिच्या कडेवर. मावशीने ते काढून माझ्याकडे दिलं. काटा ३८वर थांबला. बाईने वाकून आकडा पाहिला आणि विचारलं, "हे माझं एकटीचं हाय का?"

मावशीने रजिस्टरच्या उजव्या समासात पट्टी ठेवून पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली आणि त्यात ३८ लिहिलं. त्या दिवशी अकरा जणी झाल्या. घरी आल्यावर आजीला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, की त्या समासातलं सायबाला चालतंय का.